शेवग्याची सावली आणि अडलेला पंप

परसातल्या वांगी-मिरचीसाठी ४० वॅटचं सोलर पॅनेल थेट १२ व्होल्टच्या छोट्या पंपाला जोडलं. पंप नुसता गुणगुणायचा, पाणी चढेना. मल्टिमीटर लावला तर मोकळ्या तारांवर २० व्होल्ट, पंप जोडला की जेमतेम ५! नवा पंप आणायला निघालोच होतो, तेवढ्यात पॅनेलच्या कोपऱ्यावर शेवग्याची सावली दिसली. आतले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. एक झाकला तरी सगळ्यांचा प्रवाह अडतो. पॅनेल न्हाणीघराच्या छपरावर नेलं, तोंड दक्षिणेला, कल साधारण १८ अंश (आमच्या साताऱ्याचा अक्षांश जवळपास तेवढाच). आता दुपारपर्यंत उंच ओट्यावरचं २०० लिटरचं पिंप भरतं, संध्याकाळी ठिबकमधून पाणी आपसूक उतरतं. बॅटरी लागलीच नाही. गाळणी मात्र दर आठवड्याला धुतो, नाहीतर ठिबकची छिद्रं बुजतात.