स्काट खेळताय? घरगुती नियमांच्या या चुका टाळा

मेंढीकोटला बसलं की हुकूम बंद की कट हे आपण पहिलं पान वाटण्याआधी विचारतो. जर्मनीत आलेली आपली मंडळी स्काट या तिथल्या पत्त्यांच्या खेळाला बसली की मात्र हे साफ विसरतात. ॲपवर किंवा पुस्तकातून नियम शिकतात, ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर बसतात आणि तिसऱ्या डावाला कुणीतरी ‘बॉक’ म्हणून ओरडलं की चेहरे पडतात. स्काट येत नाही म्हणून हे होत नाही. या टेबलावर कुठला स्काट चालतो, हे विचारलेलं नसतं म्हणून होतं.

अधिकृत खेळ थोडक्यात असा: 32 पानं, तिघे खेळाडू, माणशी दहा पानं आणि मधे उलटी ठेवलेली दोन. त्या दोन पानांनाच स्काट म्हणतात. बोली जिंकणारा एकटा, बाकीचे दोघे त्याच्याविरुद्ध. एकूण गुण 120, त्यातले 61 त्याला हवेत. 1886 साली जर्मनीतल्या आल्टेनबुर्गला भरलेल्या पहिल्या स्काट-संमेलनात नियम एकसारखे करायला घेतले, स्काटचं न्यायालयही त्याच गावात आहे. पण ते न्यायालय निकाल देतं फक्त अधिकृत नियमांवर. राम्श, कोंट्रा, बॉक हे घरगुती नियम त्यांच्या पुस्तकातच नाहीत, त्यामुळे तिथे दाद मागून उपयोग नाही. (त्या गावातल्या स्काटच्या कारंज्यावर चारी गुलाम एकमेकांशी हाणामारी करताना दाखवलेत. घरगुती नियमांचं यापेक्षा चांगलं स्मारक सापडायचं नाही.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे राम्श हा स्काटचाच नियम आहे असं धरून चालणं. अधिकृत खेळात तिघांनी पास म्हटलं की पानं गोळा करायची आणि पुढच्याने वाटायची, संपलं. घरी आणि पबमध्ये मात्र अशा वेळी राम्श होतो. प्रत्येक जण स्वतःसाठी खेळतो, हुकूम फक्त चार गुलाम, आणि ज्याच्याकडे सर्वांत जास्त गुण जमतील तो हरतो. इथे भांडण लागतं ते मधल्या दोन पानांवरून. समजा तिघांकडे 41, 39 आणि 26 गुण झाले आणि मधल्या दोन पानांत दश्शी-राजा निघाले, म्हणजे 14. शेवटचा हात 39वाल्याने केलाय. ती पानं शेवटचा हात करणाऱ्याला द्यायची असतील तर तो 53 वर जाऊन हरतो. हरणाऱ्याच्या माथी मारायची असतील तर 41वाला 55 वर जातो. कुणालाच द्यायची नसतील तर तोच 41 वर हरतो. पानं तीच, हरणारा वेगळा. म्हणून हा प्रश्न खेळायला बसतानाच विचारा, हात मोजताना नाही. बरोबरीत काय करायचं, एकही हात न केलेल्या खेळाडूमुळे (त्याला युंगफ्राउ म्हणतात) हरणाऱ्याचे गुण दुप्पट होतात का, आणि दहाच्या दहा हात एकाच्याच घरी गेले तर तो हरतो की जिंकतो, हेही त्याच दमात विचारून घ्या.

राम्श आहे म्हटल्यावर बोलीही बदलते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. दोन गुलाम हातात आहेत, पण खेळायची हिंमत नाही म्हणून 18 लाही (ही सर्वांत लहान बोली) पास म्हणायचं आणि मग त्याच गुलामांनी एकेक हात ओढत बसायचं, असं होतं. राम्श चालत असेल तर अशी पानं घेऊन 18 म्हणणं बरेचदा स्वस्त पडतं. उलट, मोठ्या पानांना उगाच घाबरू नका. बदामाचा एक्का, नव्वी, सत्ती असतील तर एक्का तसा सुरक्षित असतो, कारण खाली सरकायला जागा आहे. एक्का, राजा, राणी असतील आणि खाली काहीच नसेल तर हात आलेच म्हणून समजा. आणखी एक खोच आहे. एरवी स्काटमध्ये दश्शी राजाच्या वर असते, फक्त नुलमध्ये (एकही हात न करायच्या डावात) ती गुलामाच्या खाली जाते. काही टेबलांवर राम्शलाही नुलसारखाच क्रम धरतात.

शीबेराम्शमध्ये तर मधली दोन पानं आळीपाळीने प्रत्येक जण उचलतो आणि नको ती दोन पुढे सरकवतो. बहुतेक ठिकाणी गुलाम सरकवायला बंदी असते, पण सगळीकडे नाही. न बघता पुढे ढकललं तर गुण दुप्पट होतात, हेही बहुतेक ठिकाणी. ‘बहुतेक’वर विसंबून गुलाम सरकवाल आणि तो शेजारच्याने उचलला की वातावरण बिघडतं.

कोंट्रा म्हणजे ‘तू हरणार’ असं समोरच्या जोडीतल्या एकाने म्हणणं. गुण दुप्पट. एकट्याने उलट ‘रे’ म्हटलं की चौपट. कोंट्रा कधीपर्यंत म्हणता येतो? चांगली रीत अशी की स्वतःचं पहिलं पान टाकण्याआधीच म्हणायचं. चार हात बघून कोंट्रा म्हणणाऱ्याला मी तरी टेबलावर घेणार नाही. आणि बऱ्याच गटांत ज्याने बोलीत निदान 18 म्हटलंय किंवा स्वीकारलंय त्यालाच कोंट्रा करता येतो. पहिल्याच फेरीत पास म्हणून गप्प दबा धरून बसणाऱ्याला नाही.

खरा घोळ होतो तो बोली अंगाशी आल्यावर. हे उदाहरण नीट बघा. तुमच्याकडे सर्वांत मोठा गुलाम बदामाचा, वरचे किलवर आणि इस्पिक नाहीत. बदाम हुकूम करून खेळायचा म्हणजे ‘दोनशिवाय, डाव तीन’: वरचे दोन गुलाम नाहीत त्याचे दोन, डावाचा एक, असे तीन, गुणिले बदामाचा भाव दहा, तीस. तुम्ही तीसपर्यंत बोलता, मधली पानं उचलता आणि त्यात किलवरचा गुलाम निघतो. पान उत्तम, पण हिशेब कोसळला. आता ‘एकासह, डाव दोन’, म्हणजे फक्त वीस. ग्रँड (फक्त गुलाम हुकूम असलेला मोठ्या भावाचा डाव) खेळण्याइतकी पानं नाहीत म्हणून तुम्ही बदामच म्हणता. समोरून कोंट्रा येतो. तुम्ही 75 गुण करता आणि म्हणता, वीस दुप्पट चाळीस, माझी तीसची बोली भरली की! नाही भरली. रूढ पद्धतीत कोंट्राचं दुप्पट फक्त पावतीवर चढतं, बोली भरायला चालत नाही. तुम्हाला श्नायडर म्हणजे 90 गुण करायला हवे होते, मग डाव तीन होऊन तीस भरले असते. आता तीस धरून हरल्याचे दुप्पट साठ वजा, वर कोंट्राचे दुप्पट, म्हणजे 120.

जुन्या खेळाडूंबरोबर बसलात तर मधली पानं हातात न घेता खेळलेल्या, म्हणजे हांड-डावाचा हिशेब आधी विचारा. स्काट न उचलता खेळून हरलं तर पूर्वी एकपटच गुण जात. 1999 पासून अधिकृत नियमात तेही दुप्पट जातात. काही आजोबा अजून जुनाच हिशेब मांडतात आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

बॉक म्हणजे ठरावीक घटनेनंतर पूर्ण एक फेरी सगळे गुण दुप्पट. घटना कुठली, हे प्रत्येक टेबलाचं वेगळं असतं. 60-60 ने हरणं, कोंट्रा होऊन हरणं, कुणाच्या गुणांत 111 सारखे तीन सारखे आकडे येणं. बॉक चालू असताना दुसरा बॉक लागला तर तो रांगेत उभा राहतो की चौपट होतं? चौपटवाल्या टेबलावर एक सेंटला एक गुण असला तरी खिसा जड होऊन घरी जाणारा एखादाच असतो, म्हणून मी रांगेच्या बाजूचा आहे. कागदावर प्रत्येक बॉक-डावासमोर खूण करून ठेवा. नाहीतर चौघांच्या टेबलावर वाटणारा तो डाव न खेळता बसून राहतो, एक डाव मोजणीतून निसटतो आणि फेरी तीन डावांची की चार डावांची यावर पाऊण तास जातो. चौघे असतील तर फेरी चार डावांची.

एवढं करूनही मधेच वाद निघाला तर चालू डाव अधिकृत नियमाने संपवा, त्यात नसेल तर गुण न धरता सोडून द्या. नवा नियम पुढच्या वाटपापासून लागू.