सारखं रेज मारणाऱ्यासमोर मोठी पानं कशी खेळावीत

नो-लिमिट होल्डम या पोकरच्या प्रकारात (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी पाच) एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. टेबलावर कुणी दर दुसऱ्या डावाला रेज मारत असेल, म्हणजे लावायची रक्कम वाढवत असेल, प्रत्येक पॉटवर (मधे जमलेल्या रकमेवर) हक्क सांगत असेल, तर अशी जोडी हातात आल्यावर बहुतेकांना एकच सुचतं: याला आत्ताच गप्प करूया. मला हे पटत नाही. असा खेळाडू गप्प झाला की त्याच्याकडून मिळणारे पैसेही थांबतात. चांगली पानं नसताना तो जी बेट मारतो, म्हणजे पैसे लावतो, तीच आपली कमाई.

पण हे सगळं फ्लॉपनंतरचं, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यानंतरचं. फ्लॉपच्या आधी मी सहसा लपवाछपवी करत नाही. त्याने रेज केलं आणि मी नुसतं कॉल केलं, म्हणजे तेवढीच रक्कम भरली, तर मागे बसलेले दोघं-तिघं स्वस्तात आत येतात. कुठल्याही पानांच्या एकाच खेळाडूसमोर एक्क्यांची जोडी सुमारे 85 टक्के वेळा जिंकते. चौघांसमोर हेच प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून सरळ री-रेज करावं, म्हणजे त्याच्या रेजवर आणखी वाढवावं. त्याने 3 बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधी सक्तीने भरायच्या दोन रकमांतली मोठी) केले असतील आणि मी त्याच्यानंतर खेळणार असेन, तर मी 9 ते 10 करतो. मी ब्लाइंडमध्ये, म्हणजे सक्तीची रक्कम भरणाऱ्या जागेवर असेन आणि पुढे प्रत्येक फेरीत मला आधी बोलावं लागणार असेल, तर 12 ते 13. तो कॉल करेल की नाही याची काळजी करू नका. त्याला फोल्ड करायचा, म्हणजे पानं टाकून द्यायचा कंटाळा असतो, आणि एक्का-दश्शी किंवा राजा-गुलाम घेऊन तो आला तर आपल्याला हवंच आहे.

याच कारणाने एक्का-राजासुद्धा मी त्याच्यासमोर नेहमी री-रेज करतो. फ्लॉपवर त्यांची जोडी तीनपैकी साधारण एकदाच जुळते, हे खरं. पण जुळते तेव्हा समोर बऱ्याचदा एक्का-राणी किंवा एक्का-गुलाम असतो आणि ती पानं त्याला सोडवत नाहीत.

मी आधी रेज केलं आणि त्यानेच री-रेज केलं, तर? त्यावर आणखी रेज झालं की तो पानं टाकून देतो की उलट ऑल-इन जातो, म्हणजे सगळे चिप्स लावतो, हे आधीच्या डावांत बघून ठेवायचं. टाकून देणारा असेल आणि मी त्याच्यानंतर खेळणार असेन, तर एक्क्यांवरही मी फक्त कॉल करतो. भिडणारा असेल तर 22 ते 25 बिग ब्लाइंडपर्यंत रेज.

आता मुख्य भाग. समजा दोघांचे स्टॅक (समोरचे चिप्स) 100 बिग ब्लाइंडचे आहेत, त्याने 3 केले, मी बटनवर (फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या जागेवर) राजांची जोडी घेऊन 10 केले, त्याने कॉल केलं, दोन्ही ब्लाइंड गेले. पॉट 21.5. फ्लॉप आला राणी, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. तो चेक करतो, म्हणजे काही लावत नाही, मी 7 लावतो, तो 22 वर नेतो. इथे ऑल-इन जायचा मोह होतो. पण त्याच्याकडे काय असू शकतं ते मोजा. एक्का-राणी असेल तर पुढच्या फेऱ्यांतही तो पैसे टाकणारच आहे. सत्त्यांचं किंवा दुर्रींचं तिकूट असेल तर तो पळणार नाही. पळेल ते फक्त पोकळ बेट, म्हणजे मला सगळ्यात जास्त हवं असलेलं गिऱ्हाईक. म्हणून कॉल. पॉट 65.5, दोघांकडे प्रत्येकी 68 शिल्लक.

टर्नला, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या पानाला, चौकी येते, तो 30 लावतो. पुन्हा कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानाला, नव्वी येते आणि तो उरलेले 38 टाकतो. आता 38 देऊन 163.5 मिळणार आहेत, म्हणजे 19 टक्के वेळा जिंकलो तरी कॉल फायद्याचा. ब्लफ करायची सवय असलेल्या माणसासमोर राजांची जोडी त्याहून बरीच जास्त वेळा पुढे असते. छाती धडधडते, तरी कॉल करायचं.

टेबलावरची पानं एकमेकांशी जुळणारी असतील तर हिशोब उलटतो. फ्लॉपवर बदामाचा गुलाम, बदामाची नव्वी आणि किलवरची दुर्री आली, तर फ्लश ड्रॉ असलेल्याची (एकाच रंगाच्या पाच पानांसाठी एकच पान कमी असलेल्याची) पानं शेवटपर्यंत जुळण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. फ्लश आणि स्ट्रेट (ओळीने येणारी पाच पानं) दोन्हीचा ड्रॉ असेल तर जवळपास बरोबरीच होते. इथे त्याने चेक-रेज केलं, म्हणजे आधी चेक करून माझ्या बेटवर रेज केलं, तर मी थांबत नाही, सगळे चिप्स तिथेच आत जातात. ड्रॉवर तो आत्ता कॉल करेल. रिव्हरला पान चुकल्यावर कदाचित एक चिपही देणार नाही.

राजांची जोडी असताना फ्लॉपवर एक्का दिसण्याची वेळ 22-23 टक्के वेळा येते. गुलामांच्या जोडीवर गुलामाहून मोठं किमान एक पान 57 टक्के वेळा येतं. बरेच जण इथे लगेच पानं टाकतात, आणि सारखं रेज मारणारा त्याच भीतीवर जगतो. मी अशा फ्लॉपला पॉट लहान ठेवतो: मध्यम बेट आली तर एकदा कॉल, टर्नवर त्याने हात आखडला तर शोडाऊनपर्यंत, म्हणजे शेवटी पानं उघडून दाखवेपर्यंत, जायचं. टर्न आणि रिव्हर दोन्हीवर मोठ्या बेट आल्या तर गुलाम सोडतो. राजे सोडायचे की नाही हे मी त्याच्या आधीच्या शोडाऊनवर ठरवतो. फ्लॉप आणि टर्ननंतर रिव्हरला तिसरी बेट मारून त्याने याआधी काय उघडून दाखवलं, हे लक्षात ठेवावं. दोनदा रिकामी पानं दाखवली असतील तर कॉल. प्रत्येक वेळी दोन जोड्या किंवा तिकूट निघालं असेल, तर हा माणूस फक्त फ्लॉप आणि टर्नवरच ब्लफ करतो असं मी धरतो, आणि रिव्हरच्या मोठ्या बेटला राजेही टाकतो.