वर्गातला प्रत्येक विद्यार्थी विचार करत राहावा यासाठी

वर्ग शांत आहे, सगळ्यांच्या नजरा फळ्याकडे आहेत, वह्यांमध्ये टिपणे भराभर उतरत आहेत, आणि तरीही तास संपताना विचारलेल्या साध्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, हा अनुभव शिकवणाऱ्या बहुतेकांनी घेतलेला असतो. जेनिफर फ्रेड्रिक्स, फिलिस ब्लुमेनफेल्ड आणि अ‍ॅलिसन पॅरिस या संशोधकांनी २००४ मध्ये विद्यार्थ्यांच्या सहभागाचे तीन पदर मांडले होते: वर्तनाचा, भावनेचा आणि विचाराचा. पहिला पदर शिक्षकाला चटकन दिसतो, दुसऱ्याचा अंदाज चेहऱ्यांवरून बांधता येतो, तिसरा मात्र डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून वर्ग गुंतवून ठेवणे म्हणजे तो हसता-खेळता ठेवणे, असे मी मानत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला विचार करावाच लागेल आणि तो विचार आपल्याला दिसेल, अशी तासाची बांधणी करणे, हे ते काम आहे.

ही बांधणी तासाआधी, तयारीच्या वेळीच सुरू होते. आपण टाचण काढतो तेव्हा मी काय सांगणार आहे, याची यादी करतो. त्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थी कशाविषयी विचार करत असतील, हे लिहून पाहावे. ज्या टप्प्यासमोर ‘ऐकत असतील’ एवढेच लिहिता येते, तो टप्पा बदलायला हवा. सबंध तासासाठी एक असा प्रश्न निवडावा की ज्याचे उत्तर प्रत्येकाला आपल्याला येते असे वाटावे, पण ते उत्तर बहुधा अपुरे निघावे. प्रकाशसंश्लेषणाचा पाठ घ्या. सूत्र फळ्यावर लिहून सुरुवात करण्याऐवजी असे विचारता येते की, लहानशा रोपाचे मोठे झाड होते तेव्हा त्याचे वाढलेले वजन कुठून येते? बरेच विद्यार्थी ‘मातीतून’ असे लिहितात. मग यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट या सतराव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञाचा, १६४८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगावा. त्याने सुमारे ९० किलो कोरड्या मातीत सव्वादोन किलोंच्या आसपास वजनाचे विलो (वाळुंज) या झाडाचे रोप लावले आणि ५ वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड सुमारे ७७ किलोंचे झाले, तर मातीचे वजन फक्त ५७ ग्रॅमच्या आसपास घटले. हे आकडे ऐकताच वर्गात जी चुळबुळ होते, ती पाठाची खरी सुरुवात असते. स्वतः व्हान हेल्मोंटने सगळे श्रेय पाण्याला दिले आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबातून निसटला. एवढा विचारी माणूस कुठे चुकला, हे शोधण्याचे काम विद्यार्थी मनापासून करतात. मात्र विद्यार्थ्यांनी आधी स्वतःचे उत्तर लिहून ठेवलेले असणे आवश्यक आहे, कारण ज्याने काही ठरवलेलेच नाही त्याला आश्चर्य वाटण्याचे कारण नसते.

प्रश्न विचारण्याची रीत

वर्गात सर्वांत जास्त गळती होते ती प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणात, म्हणून या भागावर थोडे अधिक थांबतो. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून असे दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण १ सेकंदच थांबतात, आणि मग स्वतः उत्तर देतात, प्रश्न बदलतात किंवा दुसऱ्याला उभे करतात. हीच वाट पाहण्याची वेळ ३ सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा उत्तरे लांब आणि सकारण झाली, ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी झाले, आणि एरवी गप्प राहणारे विद्यार्थीही बोलू लागले. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु फळ्यासमोर उभे राहून ते पाळताना फार मोठे वाटतात. त्यासाठी मनात सावकाश आकडे मोजण्याची सवय लावावी. रो यांनी सांगितलेला दुसरा विराम याहून अधिक वेळा विसरला जातो, तो म्हणजे उत्तर मिळाल्यानंतरचा. विद्यार्थ्याचे वाक्य संपताच ‘शाबास’ म्हटले की विचार तिथेच थांबतो. तेच दोन-तीन सेकंद आपण काही बोललो नाही, तर तो स्वतःहून कारण जोडतो किंवा शेजारचा त्यात भर घालतो.

नाव कधी घ्यावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला तर बाकीचा वर्ग सुटकेचा श्वास टाकतो. म्हणून आधी प्रश्न, मग विराम आणि शेवटी नाव, हा क्रम कटाक्षाने पाळावा. हात वर करणाऱ्यांनाच विचारत राहिल्यास पाच-सहा जणांचा वर्ग आणि उरलेल्यांचा प्रेक्षकवर्ग तयार होतो, आणि त्या पाच-सहा उत्तरांवरून सगळ्यांना समजले असा आपला गैरसमज होतो. नावांच्या चिठ्ठ्यांतून एक उचलणे हा साधा उपाय आहे. ज्याचे नाव आले त्याला ‘अजून विचार करतो आहे’ असे म्हणण्याची मुभा द्यावी, परंतु दोन उत्तरांनंतर त्याच्याकडे परत जावे आणि ऐकलेल्यांपैकी कोणते उत्तर त्याला पटले व का, हे विचारावे. मुभा आहे पण सुटका नाही, हे कळले की भीतीही कमी होते आणि आळसही.

सर्वांची उत्तरे एकाच वेळी हवी असतील तर पाटीसारखे साधन दुसरे नाही. प्रत्येकाने उत्तर लिहावे, पाटी उपडी ठेवावी आणि खूण होताच सगळ्यांनी एकदम वर धरावी. एकदम वर धरण्याचा नियम मोडू देऊ नये, नाहीतर हुशार समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याची पाटी पाहून बाकीच्या पाट्या पुसल्या जातात. समजा एक तृतीयांश मोठे की एक चतुर्थांश, असे विचारले. चार हा आकडा तीनपेक्षा मोठा म्हणून एक चतुर्थांश मोठे, असे मानणारे किती आहेत, हे एका नजरेत कळते. पुढे काय करायचे, हे त्या संख्येवरून ठरते. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हीच दिशा धरली. बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर ते विद्यार्थ्यांना शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायला सांगतात आणि मग पुन्हा मत घेतात. त्याहून कमी जणांना आले असेल तर चर्चा करायला पुरेसे भांडवल नसते, तेव्हा कल्पना पुन्हा समजावून सांगावी. बहुतेकांना आले असेल तर थोडक्यात आटोपून पुढे जावे.

जोडीने बोलणे आणि चुकीचे उत्तर

आधी एकट्याने विचार, मग जोडीत चर्चा आणि नंतर वर्गासमोर मांडणी ही पद्धत शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. ती फसते ती मुख्यतः पहिली पायरी गाळल्यामुळे. एक मिनिट शांतपणे लिहायला दिले नाही तर जोडीतला एक बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. चर्चेचे कामही नेमके असावे. ‘यावर चर्चा करा’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘तुमच्या दोघांच्या उत्तरांत फरक कुठे आहे तो एका वाक्यात लिहा’ असे सांगावे, आणि वेळ थोडी कमीच द्यावी. त्या वेळात शिक्षकाने टेबलापाशी न थांबता बाकांमधून फिरावे, ऐकावे, पण मध्ये पडू नये. नंतर मांडणीसाठी विचारताना ‘तुझे मत काय’ याऐवजी ‘तुझ्या जोडीदाराचे म्हणणे काय होते’ असे विचारले, तर ऐकण्यालाही किंमत येते.

चुकीच्या उत्तराचे आपण काय करतो, याकडे वर्ग बारकाईने पाहत असतो. सहभाग टिकतो की आटतो, हे मला वाटते इथेच सर्वाधिक ठरते. ‘चूक, दुसरे कोण सांगेल?’ हे वाक्य एका विद्यार्थ्याला उद्देशून असले तरी त्याचा परिणाम सगळ्यांवर होतो. त्याऐवजी ‘तू इथपर्यंत कसा पोहोचलास, ते सांग’ असे विचारावे, आणि उत्तर बरोबर असतानाही हाच प्रश्न विचारावा, म्हणजे तो प्रश्न चूक झाल्याची खूण ठरत नाही. खोटे कौतुक मात्र करू नये. उत्तर चुकीचे आहे हे शेवटी स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे, कारण मुलांना सौजन्य आणि टाळाटाळ यांतला फरक चांगला कळतो.

सांगणे, आठवणे आणि सांभाळणे

याचा अर्थ शिक्षकाने समजावून सांगूच नये असा नाही. नवा विषय असेल तर नीट सांगावेच लागते, केवळ ते लहान घासांत द्यावे. माणसाच्या कार्यस्मृतीत, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी साधारण ४ घटकच मावतात, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडला. त्यामुळे आकृती, तिची नावे, सूत्र आणि तोंडी वर्णन सगळे एकत्र समोर आले की लक्ष उडते, आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो. आकृतीचा एक भाग काढावा, त्यावर एक प्रश्न सोडवून घ्यावा, मग पुढचा भाग काढावा. विद्यार्थ्यांचे लक्ष बरोबर इतकीच मिनिटे टिकते, असे ठाम आकडे सांगितले जातात, पण त्यांना भक्कम आधार नाही. घड्याळापेक्षा चेहरे आणि पाट्या पाहून थांबणे बरे.

तासाची पहिली पाच मिनिटे आठवण्यासाठी ठेवावीत. मागच्या पाठावरचे दोन आणि महिन्यापूर्वीच्या पाठावरचा एक प्रश्न फळ्यावर तयार असावा, आणि वही न उघडता उत्तरे लिहावीत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत आघाडी घेतली होती, परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे होते. या उत्तरांना गुण देऊ नयेत, नाहीतर आठवण्याचा सराव ही परीक्षा होऊन बसते.

शिस्तीविषयी थोडेच सांगतो. मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार चांगले चालणारे वर्ग आणि विस्कळीत वर्ग यांत गैरवर्तनानंतरच्या रागावण्याच्या पद्धतीत विशेष फरक नव्हता. फरक होता तो आधीच्या गोष्टींत, म्हणजे शिक्षकाचे संपूर्ण वर्गाकडे असलेले भान आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाण्यातली सफाई यांत. म्हणून कागद वाटणे, जोड्या बदलणे, साहित्य गोळा करणे यांची रीत सुरुवातीच्या आठवड्यांतच बसवून घ्यावी.

ही पद्धत सुरू केल्यावर काही विद्यार्थी तक्रार करतील, आणि त्याने खचून जाऊ नये. हार्वर्डमधल्या २०१९ च्या एका अभ्यासात सक्रिय पद्धतीने शिकलेल्यांनी चाचणीत अधिक गुण मिळवले, तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते, कारण विचार करताना जी दमछाक होते ती त्यांना न समजल्याची खूण वाटली. हे पहिल्याच आठवड्यात वर्गाला उघडपणे सांगावे. तरीही एखादा विद्यार्थी गप्पच राहिला, तर त्याला सर्वांसमोर विचारत राहू नये. तो लिहीत असताना त्याच्यापाशी जावे, वहीतले एक वाक्य आवडल्याचे सांगावे आणि ते नंतर वर्गात वाचशील का, असे आधी विचारून ठेवावे.

तासाच्या शेवटी प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर एकाच प्रश्नाचे उत्तर घ्यावे, उदाहरणार्थ व्हान हेल्मोंटच्या झाडाचे वजन कुठून आले, हे त्यालाच समजावून सांगा. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायला दहा मिनिटे पुरतात: समजलेले, अर्धवट समजलेले आणि अजून ‘माती’ किंवा ‘पाणी’ म्हणणारे. तिसरा गठ्ठा मोठा निघाला, तर त्यातलेच एक उत्तर, लिहिणाऱ्याचे नाव न सांगता, दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहावे आणि वर्गाला विचारावे की यातले कोणते म्हणणे बरोबर आहे, आणि विचार कुठे वळण चुकला.