मागच्या रॅकवरचा माल

गोव्यात वेर्ण्याला आमचं इलेक्ट्रिकल-प्लंबिंगचं गोदाम आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये साठा भरपूर, हातात मात्र पैसा नाही. शेवटी प्रत्येक मालाच्या शेवटच्या विक्रीची तारीख एक्सेलमध्ये काढली. सहा महिने न हललेल्याला पिवळी चिठ्ठी, वर्षभर न हललेल्याला लाल. मागच्या रॅकवर वेल्डिंग रॉडचे खोके निघाले. पावसाळी दमटपणाने लेप सुटलेला, बोट लावलं की भुगा. ते थेट भंगारात. (माल खात्यातून काढून टाकला की त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट, म्हणजे खरेदीवेळी भरलेल्या कराची वजावट, तीही परत करावी लागते, हे सीएने तेव्हा सांगितलं!) पितळी नळ पुरवठादाराने बदलून दिले. बाकीचा माल चतुर्थीआधी, घरोघरी डागडुजी चालू असताना, म्हापशातल्या दुकानदारांना खरेदीभावात दिला. रॉड मागवणारा मीच, त्यामुळे ओरडायला कोणी सापडलं नाही.