रस्ते आणि रेल्वेच्या खर्चाचा जाब संसदेमार्फत कसा मागावा : बेळगाव सीमाभागातील वाचकांसाठी

बेळगावहून धारवाडला रेल्वेने जाणारा प्रवासी आजही आधी खानापूर आणि लोंढा गाठतो आणि तेथून अळणावरचा वळसा घालून धारवाडला पोहोचतो. कित्तूरमार्गे सुमारे 73 किलोमीटरचा थेट लोहमार्ग मंजूर आहे आणि दिवंगत रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी त्याचा पाठपुरावाही केला होता. पुढे देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी पिकाऊ जमिनीतून मार्ग नेण्यास विरोध केला. या मार्गाविषयी दर काही महिन्यांनी ‘निधी मंजूर’, ‘काम लवकरच’ अशा बातम्या येत असतात. शेतकरी असो वा प्रवासी, वाचणाऱ्याला यातले नक्की काय खरे हे समजत नाही. ते समजण्याची सोय संसदेच्या कागदपत्रांत आहे. ती कागदपत्रे कोठे शोधावीत, कशी वाचावीत आणि गरज पडल्यास आपला प्रश्न सभागृहापर्यंत कसा न्यावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी मालक ओळखा

सर्वाधिक श्रम वाया जातात ते चुकीच्या दारावर टकटक केल्यामुळे. आमच्या गावाकडच्या रस्त्यावरील एका मोरीसाठी आम्ही काही जणांनी एका कार्यालयात दोनदा निवेदन दिले होते. तिसऱ्या खेपेस तेथील कारकुनाने शांतपणे सांगितले की हा रस्ता त्यांच्याकडे नाहीच. पहिल्या दिवशीच सांगितले असते तर पावसाळा वाचला असता. पण विचारायचे आम्हालाही सुचले नव्हते, हेही खरे.

निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा जाणारा 48 क्रमांकाचा महामार्ग आणि खानापूरवरून अनमोडमार्गे गोव्याकडे जाणारा 748 क्रमांकाचा महामार्ग हे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या कक्षेत येतात. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील रस्ता दिसायला रस्ताच असला तरी तो ग्रामविकास मंत्रालयाचा विषय आहे, त्यामुळे महामार्ग मंत्र्यांना त्याविषयी विचारून काही हाती लागत नाही. सांबरा विमानतळ नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे, तर बेळगाव स्थानक आणि लोहमार्ग रेल्वे मंत्रालयाच्या नैर्ऋत्य रेल्वेकडे आहेत. रेल्वेच्या या विभागाचे (झोनचे) मुख्यालय हुबळीत आहे. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांसारख्या ठिकाणी उड्डाणपुलाचा प्रश्न आला की रेल्वे आणि राज्य सरकार या दोघांचा संबंध येतो आणि म्हणूनच दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. लाल बस, म्हणजे वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाची गाडी, तिचे वेळापत्रक आणि महिलांच्या मोफत प्रवासाची ‘शक्ती’ योजना हे पूर्णपणे राज्याचे विषय आहेत. त्यासाठी दिल्ली नव्हे, कर्नाटक विधिमंडळ गाठावे लागते.

आपला खासदार कोण, हेही येथेच पक्के करून घ्यावे. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात असला तरी लोकसभेसाठी तो उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो आणि निपाणी, चिकोडीकडचा भाग चिकोडी मतदारसंघात येतो. खानापूरच्या कित्येक तक्रारी बेळगावच्या खासदारांच्या नावाने लिहिल्या जातात आणि तेथेच पडून राहतात.

पैसा कोठे लिहिलेला असतो

रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प 2017 पासून बंद झाला असला तरी कामनिहाय तरतुदींचे पुस्तक दरवर्षी निघते. त्याला सर्वजण ‘पिंक बुक’ म्हणतात. रेल्वे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते विभागनिहाय मिळते, तेव्हा नैर्ऋत्य रेल्वेची प्रत उघडावी आणि ‘नवीन मार्ग’ व ‘दुहेरीकरण’ ही प्रकरणे पाहावीत. प्रत्येक कामापुढे अपेक्षित एकूण खर्च, आतापर्यंत झालेला खर्च आणि चालू वर्षाची तरतूद असे रकाने असतात. आकडे हजार रुपयांत छापलेले असतात, हे विसरल्यास मोठा घोटाळा होतो. एखाद्या कामापुढे नुसता ‘1’ हा आकडा दिसला तर त्याचा अर्थ 1 कोटी नव्हे, तर 1 हजार रुपये होय. ही नाममात्र तरतूद असते. कामाचे नाव पुस्तकातून गळू नये एवढाच तिचा उपयोग असतो. बातमीत मात्र अशा कामाचाही ‘अर्थसंकल्पात समावेश’ झालेला असतो, आणि तो शब्दशः खरा असतो.

महामार्गांसाठी अनुदानाच्या मागण्यांचा, म्हणजे मंत्रालय खर्चासाठी संसदेकडे मागते त्या रकमांचा, दस्तऐवज वाचावा. त्यात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे वेगवेगळे दिलेले असतात. पहिल्या आकड्याची जाहिरात होते. खरी परिस्थिती दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतील फरकातून कळते, म्हणून किमान तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

आधी विचारलेले प्रश्न शोधा

संसदेच्या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांतील प्रश्न आणि उत्तरे मंत्रालयानुसार, सदस्यानुसार आणि शब्दानुसार शोधता येतात. शोध इंग्रजी अक्षरांत घ्यावा लागतो. बेळगावचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 रोजी बदलल्यामुळे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही स्पेलिंगने शोध घ्यावा, नाहीतर निम्मी उत्तरे दिसतच नाहीत. शिवाय मिरज, लोंढा, हुबळी, कॅसल रॉक ही नावेही टाकून पाहावीत, कारण मिरज ते लोंढा दुहेरीकरणाची माहिती सांगलीच्या किंवा गोव्याच्या खासदाराच्या प्रश्नाखालीही सापडू शकते.

अशी दहा-बारा उत्तरे वाचली की त्यांतील ठराविक वाक्ये ओळखीची होतात. रेल्वेचे एक वाक्य सीमाभागातील प्रत्येकाने पाठ करून ठेवण्यासारखे आहे. रेल्वे प्रकल्प राज्यांच्या सीमा ओलांडून जात असल्यामुळे त्यांचे सर्वेक्षण, मंजुरी आणि अंमलबजावणी राज्यनिहाय नव्हे तर रेल्वे विभागनिहाय केली जाते, असा त्याचा आशय असतो. ‘कर्नाटकात किती काम झाले’ किंवा ‘सीमाभागाला काय मिळाले’ असे विचारले की हे वाक्य हमखास समोर येते आणि प्रश्न तेथेच संपतो. दुसरे ठरलेले वाक्य असे की काम पूर्ण होण्याचा काळ भूसंपादन, वनखात्याची परवानगी, राज्य सरकारचा वाटा अशा अनेक बाबींवर अवलंबून असतो, म्हणून निश्चित तारीख सांगता येत नाही. ही कारणे खोटी नसतात. पण त्यांपैकी नेमके कोणते कारण आपल्या कामाला लागू आहे, हे त्या वाक्यातून कधीच कळत नाही, आणि ते काढून घेण्यासाठीच पुढचा प्रश्न नीट लिहावा लागतो.

खासदारांसाठी प्रश्नाचा मसुदा

नागरिकाला संसदेत थेट प्रश्न विचारता येत नाही, मात्र तयार मसुदा देता येतो आणि बहुतेक खासदारांच्या कार्यालयांना तो हवाच असतो. लोकसभेत दररोज 20 तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि 230 अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासाठी घेतले जातात. तारांकित प्रश्नावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, पण चिठ्ठीत नंबर लागला तरच, आणि लागला तरी वेळ उरेल याची शाश्वती नसते. आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्नाचाच आग्रह धरावा, असे माझे मत आहे. त्यात मंत्र्यांचे भाषण मिळत नाही, परंतु तक्ता मिळतो. प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, म्हणून मसुदा अधिवेशनाची तारीख जाहीर होताच पोहोचवावा. प्रश्न साधारणतः 150 शब्दांच्या आत असावा, त्यात मत, आरोप किंवा ‘जर-तर’ नसावे आणि विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतील असावा.

मसुदा पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

सन्माननीय रेल्वे मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(1) नैर्ऋत्य रेल्वेच्या बेळगाव-कित्तूर-धारवाड नवीन मार्गावर मागील तीन आर्थिक वर्षांत केलेली तरतूद आणि झालेला खर्च वर्षनिहाय किती आहे;
(2) एकूण आवश्यक जमीन किती, त्यांपैकी रेल्वेच्या ताब्यात आलेली जमीन तालुकानिहाय किती;
(3) राज्य सरकारकडून येणे असलेला वाटा किती आणि त्यांपैकी किती मिळाला;
(4) मार्गाच्या आखणीत बदल करण्याविषयी निवेदने प्राप्त झाली आहेत काय, असल्यास त्यांवर कोणता निर्णय घेण्यात आला; निर्णय झाला नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

या मसुद्यात राज्याचे नाव विभागणीसाठी वापरलेले नाही, विभागाचे आणि कामाचे नाव नेमके दिले आहे, आणि ‘लवकरात लवकर काम होणार काय’ असे कोठेही विचारलेले नाही, कारण त्याला ‘होय’ हे उत्तर पुरते. मसुदा एकाच खासदाराला देऊन थांबू नये. कर्नाटकातून निवडून गेलेले राज्यसभा सदस्य तो विचारू शकतात आणि मिरज मार्गाचा विषय असल्यास महाराष्ट्रातील खासदारही विचारू शकतात. मराठीतील मसुद्यासोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडल्यास कार्यालयातील माणसाचे काम हलके होते.

उत्तर आल्यानंतर

येथे बहुतेक लोक कात्रण फाईलला लावून मोकळे होतात. उत्तरातील क्रियापदे मात्र काळजीपूर्वक वाचावीत. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ अशी वाक्यरचना असेल तर ते संसदेच्या व्यवहारात आश्वासन मानले जाते. दोन्ही सभागृहांत शासकीय आश्वासनांची वेगळी समिती असते आणि आश्वासनाची पूर्तता साधारणतः तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते. तीन महिने उलटल्यावर प्रश्न क्रमांक आणि तारीख देऊन त्या आश्वासनाचे काय झाले, असे खासदारांमार्फत विचारता येते. नव्या मागणीपेक्षा जुन्या आश्वासनाची आठवण सरकारला अधिक बोचते.

समित्यांचे अहवाल कोठून वाचावेत

अर्थसंकल्पावरील चर्चेला वेळ अपुरा पडल्याने अनेक मंत्रालयांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविनाच एकत्र मंजूर होतात. खरी छाननी त्याआधी, अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत, स्थायी समित्यांत होते. या समित्यांत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 असे 31 सदस्य असतात. महामार्ग आणि विमान वाहतूक हे विषय परिवहन, पर्यटन व सांस्कृतिक समितीकडे असून तिचे काम राज्यसभा सचिवालय पाहते. रेल्वेची समिती वेगळी आहे आणि ती लोकसभेच्या बाजूला आहे. शोधताना नेमके येथेच लोक चुकतात.

अहवाल वाचायचा असेल तर समितीच्या शिफारशींवर सरकारने काय केले, त्याचा कार्यवाही अहवाल आधी घ्यावा, आणि त्यातही चौथे प्रकरण आधी उघडावे. ज्या शिफारशींवरील सरकारची उत्तरे समितीने स्वीकारलेली नाहीत, त्या शिफारशी या चौथ्या प्रकरणात असतात. वाद कशावर आहे ते चार पानांत समजते. समिती एखादा विषय हाती घेते तेव्हा वृत्तपत्रांतून निवेदने मागवते. त्या वेळी एकट्याने पाठवलेल्या निवेदनापेक्षा, मोजमापे आणि तारखा असलेले ग्रामपंचायतीचे किंवा शेतकरी संघटनेचे निवेदन अधिक उपयोगी ठरते.

खर्च झाल्यानंतरची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, करतात आणि त्यांचे अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीपुढे जातात. या समितीचे अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाकडे दिले जाते. सांबऱ्याच्या विमानांविषयी हळहळणाऱ्यांनी लहान शहरांना विमानसेवेने जोडण्यासाठीच्या उडान योजनेवरील 2023 चा कॅगचा अहवाल जरूर वाचावा. या योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात बेळगावला अनेक मार्ग मिळाले होते आणि तिचे अनुदान तीन वर्षांपुरतेच असते. देशभरात दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 मार्गच सुरू झाले, त्यांपैकी 112 मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यापुढे टिकलेले मार्ग अवघे 54 होते. हे वाचल्यावर प्रश्न बदलतो : ‘आमची विमाने कोणी पळवली’ असे न विचारता ‘अनुदान संपल्यानंतर मार्ग टिकावा यासाठी कोणती योजना होती’ असे विचारता येते. दक्षिण भारतातील टोलवसुलीवरही कॅगचा त्याच वर्षीचा स्वतंत्र अहवाल आहे.

राज्याची बाजू आणि भाषेची अडचण

भूसंपादन, राज्याचा खर्चातील वाटा आणि लाल बस यांविषयी आमदारांमार्फत विधिमंडळात विचारावे लागते. हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात, 2012 साली उभ्या राहिलेल्या सुवर्ण विधानसौधात भरते, त्यामुळे प्रवासखर्चाची सबब राहत नाही. निवेदन मराठीत चालेल का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदानुसार, तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मूळ निवेदन मराठीत द्यावे, त्यात हा अनुच्छेद नमूद करावा, सोबत कन्नड भाषांतर जोडावे आणि दोन्हींच्या प्रतींवर पोच घ्यावी. भाषांतर जोडल्याने हक्क कमी होत नाही आणि टेबलावरचा कागद मात्र हलतो.

याखेरीज खासदारांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात ‘दिशा’ समितीच्या बैठका होतात, जेथे केंद्रीय योजनांचा आढावा अधिकाऱ्यांसमोर घेतला जातो. बैठकीच्या आठवडाभर आधी आपल्या कामाचे नाव, पिंक बुकमधील आकडा आणि संसदेतील उत्तराचा क्रमांक असे तीन तपशील एका पानावर लिहून द्यावेत. पान एकच असावे. दुसरे पान बैठकीत कोणी उलटत नाही.