पत्त्यांच्या जादूचे पुस्तक घेताना हार्डकव्हर की पेपरबॅक? या चुका टाळा

पत्त्यांच्या जादूचे पुस्तक वाचणाऱ्याचे दोन्ही हात कॅट धरण्यात गुंतलेले असतात. एक परिच्छेद वाचायचा, बोटे तशी ठेवून पाहायची, आकृतीशी ताडून पुन्हा करायचे, असा हा अभ्यास चालतो आणि तेवढा वेळ पुस्तक टेबलावर आपणहून उघडे राहावे लागते. हार्डकव्हर घ्यावे की पेपरबॅक, हा प्रश्न या एका गरजेपासून सोडवायला घेतला पाहिजे. बहुतेक जण तो किमतीपासून किंवा कपाटातल्या शोभेपासून सोडवू लागतात आणि तिथेच फसतात.

पहिली चूक म्हणजे जाड पुठ्ठा दिसला की बांधणी पक्की आहे असे मानणे. पुस्तक उघडे राहते की नाही, हे आतली पाने एकमेकांशी कशी जोडली आहेत यावर ठरते. फर्मे, म्हणजे अनेक पाने एकत्र छापलेले मोठे कागद, घडी घालून दोऱ्याने शिवलेले असतील, तर पाने सपाट पडतात आणि सहसा सुटत नाहीत. कण्याकडची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीकडची, कड कापून सुटी पाने नुसत्या गोंदाने चिकटवलेली असतील, तर वर कितीही भारी पुठ्ठा असला तरी पुस्तक मिटू पाहते. आज अनेक हार्डकव्हर अशीच गोंदाची असतात. उलट अमेरिकेतील डोव्हर या प्रकाशनसंस्थेची जुनी पेपरबॅक पुस्तके शिवलेल्या फर्म्यांची असत आणि तसे मलपृष्ठावर अभिमानाने छापलेलेही असे. पुस्तक हातात असेल, तर कण्याच्या वरच्या टोकाकडून पाहावे. लहान लहान घड्यांचे गठ्ठे दिसले आणि एखाद्या गठ्ठ्याच्या मधल्या पानांत दोरा दिसला, तर ते शिवलेले आहे. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून हेच छायाचित्र मागवावे. कागदाचे तंतू कण्याला समांतर आहेत का, हेही महत्त्वाचे आहे. ते आडवे असतील, तर शिवलेल्या पुस्तकाचीही पाने ताठ उभी राहतात.

दुसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते. ती आहे बांधणी निवडताना छपाई न पाहण्याची. एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाच्या लेखकाने १९०२ मध्ये शिकागोत स्वतःच प्रसिद्ध केलेले ‘द एक्सपर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ हे या कलेतील पायाभूत पुस्तक आहे. त्यात १०१ रेखाचित्रे असून करंगळी कुठे टेकते, अंगठा किती सरकतो, हे सारे त्यांच्या आधारानेच कळते. पुस्तकाचा स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे कोणीही ते छापून विकू शकतो. त्यामुळे त्याच्या हार्डकव्हर आवृत्त्यांत काळजीपूर्वक जुळवलेल्या आवृत्त्या आहेत, तशाच जुन्या प्रतीचे कसेतरी स्कॅन करून मागणीप्रमाणे छापलेल्याही आहेत. मी एकदा केवळ पुठ्ठ्यावर भुलून अशीच एक प्रत मागवली. तिच्यातील कित्येक आकृत्यांत बोटे आणि पत्ते यांचा मिळून एक काळा डाग झाला होता, आणि दोन आठवडे मी एकच पकड चुकीच्या पद्धतीने घोटत राहिलो. चुकीची बसलेली सवय मोडायला त्याहून जास्त दिवस लागले. डोव्हरच्या १९९५ च्या साध्या पेपरबॅकने माझे जे काम केले, ते त्या महागड्या प्रतीने केले नाही. म्हणून आधी नमुना पाने उघडून दोन-तीन आकृत्या मोठ्या करून पाहाव्यात. नमुना पानेच उपलब्ध नसतील, तर ती प्रत सोडून द्यावी.

पेपरबॅक आवृत्ती संक्षिप्त असते, हाही गैरसमज आहे. पुठ्ठा बदलल्याने मजकूर बदलत नसतो. मात्र पानाचा आकार लहान केला असेल, तर आकृत्याही आक्रसतात, एवढे पाहून घ्यावे.

आता उपाय. गोंदाची पेपरबॅक मिटत असेल, तर अनेक जण तिच्यावर जड वस्तू ठेवतात किंवा ती उलटी वाकवून कणा मोडतात. गोंदाला तडा गेला की त्या जागी पाने सुटू लागतात. त्याऐवजी जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तिचे स्पायरल बाइंडिंग करून घ्यावे. अभ्यासासाठी याहून सोयीची बांधणी मला माहीत नाही. त्याआधी आतला समास पट्टीने मोजावा, कारण कणा कापताना आणि भोके पाडताना सुमारे एक सेंटीमीटर जागा जाते. समास अरुंद असेल, तर ओळींची टोके कापली जातील. नवे हार्डकव्हर एकदम मधोमध उघडू नये. कणा टेबलावर टेकवून पुढून थोडी व मागून थोडी पाने आलटून पालटून हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत यावे.

महाग हार्डकव्हर घेऊन ते मळेल या भीतीने कपाटात ठेवणे, हीदेखील चूकच आहे. समासात पेन्सिलीने खुणा करण्याचा धीर होत नसेल, तर सरावाकरता दुसरी स्वस्त प्रत घ्यावी. शिकण्याचे पुस्तक आणि जपण्याचे पुस्तक निराळे असायला काहीच हरकत नाही.

मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात दोन्ही आवृत्त्यांचे दुखणे वेगवेगळे असते. पेपरबॅकच्या मुखपृष्ठावर एकाच बाजूने लॅमिनेशन असते. आतला कागद ओल शोषून पसरतो, प्लास्टिकचा थर पसरत नाही, म्हणून कव्हर बाहेरच्या बाजूला वळते. हवा कोरडी झाली की ते बरेचसे सरळ होते, तेव्हा त्यावर इस्त्री फिरवू नये. कापडी हार्डकव्हरला बुरशी धरते, आणि कसर लागायलाही दमट कोंदट जागा पुरते. म्हणून पुस्तक भिंतीला चिकटून किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये.

सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, कारण ती पिवळी पडते आणि काढताना छपाईही उचलते. पानाच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पांढऱ्या गोंदाची पातळ रेघ ओढावी, पान जागेवर बसवावे, शेजारच्या पानांना गोंद लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा कागद घालावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे.