चाळिशीत वकिलीची सनद काढायची म्हणताय? मग हे वाचा

मी आधी पाच वर्षं एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) होतो, बॅग घेऊन डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसायचो, मग अकरा वर्षं एका पतसंस्थेत वसुलीला, आणि आता कोर्टात. त्यामुळे वयाचं कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, ३ वर्षांच्या एलएलबीला वयाची अट नाहीये. कुठल्याही शाखेची डिग्री लागते, ओपनला ४५ टक्के, आणि राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा द्यायची. गणित नाही, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे पेपरात एकही प्रश्न मोकळा सोडू नका.

खरी गोची पुढे आहे, हजेरी! बार कौन्सिलच्या नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के लागते, म्हणून "नोकरी करत करत होईल हो" असं कुणी म्हणालं तर आधी कॉलेजचं टाइमटेबल आणि साहेबांचा मूड दोन्ही बघा. माझं एक सेमिस्टर याच्यातच अडकलं होतं.

डिग्रीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनदेचा अर्ज. २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नोंदणी फी ओपनला ७५० रुपयेच, एससी-एसटीला १२५. मग दोन वर्षांच्या आत एआयबीई (वकिलांची देशपातळीवरची परीक्षा) पास व्हायची, त्यात कोरे बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं नेता येतात, पण कलम कुठल्या पानावर आहे ते शोधण्यातच वेळ जातो, तेव्हा पुस्तक आधी हाताळून घ्या.

आता मुद्दा. जुनी नोकरी लपवू नका, तीच तुमची पुंजी. मी ज्युनिअर असताना एक व्यापारी आला, चेक बाउन्सचा बँकेचा मेमो मिळून ३० दिवस उलटलेले, त्या मुदतीत पाठवायची नोटीस पाठवलेलीच नाही, केस गेली म्हणून चेहरा पडलेला. मी चेकवरची तारीख बघितली, चेकची तीन महिन्यांची मुदत संपायला अजून नऊ दिवस होते. म्हटलं काका, आजच परत बँकेत टाका. परत बाउन्स झाला, नवा मेमो आला, लगेच नोटीस काढली, आणि कलम १३८ ची (चेक बाउन्सची) केस उभी राहिली. हे मला कॉलेजात नाही, वसुलीच्या टेबलावर कळलेलं. सिव्हिल इंजिनिअर असाल तर रेराचं (बिल्डर-ग्राहक तक्रारींचं) काम बघा, नर्स असाल तर मेडिकलच्या केसेस, केसपेपर वाचता येणारा वकील सिनिअरला हवाच असतो.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलतो. पहिली दोन वर्षं सिनिअर देईल त्यात पेट्रोलच निघतं, त्यामुळे घरखर्च बाजूला काढूनच या, आणि बायकोशी (किंवा नवऱ्याशी) आकडा मांडून बोला, "बघू" म्हणून चालत नाही. आणि सनद घेतल्यावर पगारी फुलटाइम नोकरी चालत नाही, तेव्हा सोडताना रिलिव्हिंग लेटर मागून घ्या. मी ते आणायला जुन्या ऑफिसात तीन चकरा मारल्यात.